तिसऱ्या मजल्यावरचा खांब

लोकांच्या घरात काम करताना चौतीस वर्षांत मी बऱ्याच गोष्टी चुकून आत बंद केल्या. एकदा मांजर. एकदा गिऱ्हाइकाचा चष्मा. एकदा स्वतःचा मोबाइल. आणि एकदा एक खोटं. मांजर दुसऱ्या दिवशी ओरडून बाहेर आलं. खोट्याला तेरा वर्षं लागली. ते ओरडलं नाही, टकटक करत राहिलं.

मोबाइलचं आधी सांगतो, म्हणजे मी काय लायकीचा कारागीर आहे ते तुम्हाला कळेल. शुक्रवार पेठेत एका घरी फॉल्स सीलिंग करत होतो. म्हणजे खऱ्या छताखाली टांगलेलं खोटं छत. मधल्या पोकळीत वायरी आणि आमच्या चुका राहतात. शेवटचा बोर्ड बसवला, पुट्टी मारली, घरी आलो, तर मोबाइल नाही. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाई छताखाली पाट मांडून बसलेल्या. पहाटे साडेपाचला वरून शंख आणि घंटा ऐकू आल्या होत्या. तो माझा गजर होता. सगळं घर हात जोडून उभं होतं, मग मीही जोडले. खरं सांगायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली आणि त्या बाईंना वाटलं, आपल्या हातून सोवळ्यात काही चुकलं. मोबाइल अजून तिथेच आहे.

हा किस्सा मी कित्येक वर्षं हसून सांगत होतो. आता सांगताना मधेच थांबतो.

माझ्या पाटीवर 'इंटिरिअर डेकोरेटर' असं लिहिलेलं असलं तरी मी मुळात सुतार. धंदा म्हणाल तर जागेची लबाडी. साडेचारशे चौरस फुटांचा फ्लॅट साडेचारशेच राहतो, पण आत येणाऱ्याला तो सहाशेचा वाटला पाहिजे. फर्निचर पायांवर उभं केलं की खालची फरशी दिसते आणि खोली मोठी होते. खिडकीसमोर आरसा लावला की फुकटात दुसरी खिडकी मिळते. पडदा छतापासून जमिनीपर्यंत सोडला की भिंत उंच वाटते. ही सगळी फसवणूकच, पण कुणाला न दुखवणारी. माझा जुना जोडीदार इरप्पा म्हणायचा, लबाडी डोळ्यांशी करायची मालक, टेपशी न्हाय.

इरप्पा अक्कलकोटच्या बाजूचा. घरात कन्नड बोलायचा आणि आमच्याशी मराठी, तेही एकेक शब्द पारखून. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, हातानं शंभर पटीनं. त्याची एक सवय होती. कुठलंही काम पुरं झालं की हातोडीच्या दांड्यानं तीनदा ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. कपाट असो, पाळणा असो नाही तर देव्हारा. आवाज भरीव आला की मान हलवायचा आणि मगच हत्यारं पिशवीत जायची. त्या तीन ठोक्यांशिवाय काम गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं नाही, हा त्याचा नेम.

मलाही सवय होती, पण वाह्यात. कुठलीही फळी कायमची बंद करण्याआधी तिच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं काहीतरी लिहायचं. कधीकाळी दुसरा सुतार ती उघडेल, तर त्याला टोमणा. 'काय रे, माझ्या कामाला हात लावायची तुझी हिंमत?' असलं काहीतरी. सोलापुरातली निम्मी कपाटं आतून मला शिव्या घालण्याजोगी करून ठेवली आहेत.

आता ते खोटं.

जुळे सोलापुरात एक नवी इमारत झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचं पूर्ण काम मला मिळालं, माझं पहिलंच मोठं काम. मी पहिल्या मजल्यावरच्या सँपल फ्लॅटमध्ये मापं घेतली. बिल्डरचा माणूस म्हणाला, सगळे मजले सारखेच. मी मान डोलावली. तिसरा मजला चढायचा कंटाळा केला, एवढीच माझी चूक. मापावर कपाट कारखान्यात तयार केलं, वर नेलं, हॉलच्या मागच्या भिंतीला लावलं, तर शेजारी पावणेदोन फूट मोकळी जागा. पहिल्या मजल्यावर तिथे काँक्रीटचा जाडजूड खांब होता. तिसऱ्यावर नव्हताच.

दोन दिवसांवर वास्तुशांत. इरप्पा म्हणाला, गिऱ्हाइकाला सरळ सांगू, मोकळ्या जागेत उघडे कप्पे करून देऊ. मी म्हणालो, खांब करू. पहिल्या मजल्यावर आहे, इथेही आहे, कोण विचारतंय. "ब्याड, मालक," इरप्पा म्हणाला. म्हणजे नको. "ब्याड." मी ऐकलं नाही. चौकट उभी केली, प्लाय मारला, वर सिमेंटची शीट, पुट्टी, रंग. देखणा खांब झाला. बंद करण्याआधी मी सवयीनं आत टोमणा लिहिला. शेवटची फळी इरप्पानं बसवली आणि हातोडी पिशवीत टाकून जिना उतरला. ठोकलं नाही. त्यानंतर माझ्याकडे कामाला आला नाही.

गिऱ्हाइकाला मी बजावलं, बिल्डरचा खांब आहे, खिळा मारू नका.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सागर नावाच्या मुलाचा फोन आला. चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात नोकरी, बायको वैशाली कपड्यांच्या युनिटमध्ये कटिंगची सुपरवायझर, चार वर्षांची मुलगी ओवी. दोघांच्या पगारावर जुना फ्लॅट घेतला होता. पत्ता ऐकताना मला काही वाटलं नाही. इमारतीला नवा रंग, नवं फाटक. तिसऱ्या मजल्याचा शेवटचा जिना चढताना मात्र गुडघ्यांना आठवलं. दार उघडलं. समोर माझा खांब.

कपाट वाळवीनं खाल्लं म्हणून त्यांनी काढून टाकलं होतं. खांबाला वाळवी लागली नव्हती. का, ते मला विचारू नका.

वैशालीनं फोनवर घरांचे फोटो दाखवले. फोनवरच्या घरांत कुकर नसतो, वाळत घातलेले कपडे नसतात आणि सासू तर नसतेच. इथे सासूसाठीच सगळं चाललं होतं. सागरची आई बार्शीकडच्या खेड्यातून येऊन कायमची राहिली तर ओवीला सांभाळायला माणूस होतं. नाही राहिली तर वैशालीला नोकरी सोडावी लागणार होती. तिनं हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. तिनं फळ्यावर हिशेब मांडावा तसं सांगितलं. आईला हॉलमध्ये तिचं स्वतःचं, दिसायलाही देखणं असं एक अंथरूण हवं, पाहुण्यासारखं रोज उचलावं लागणारं नको. "तेवढं बसवा काका," ती म्हणाली, "बाकी घर मी बसवते."

मी टेप लावला. खिडकीच्या भिंतीपासून खांबापर्यंत पावणेपाच फूट. पावणेपाच फुटांत माणूस झोपत नाही. खांबाचे पावणेदोन मिळवले तर साडेसहा होतात. ही बेरीज मी तिथल्या तिथे केली आणि गिळली. सागर म्हणाला, "खांब हलवता येत नाही ना काका? आधीचे मालक चावी देताना बजावून गेलेत, बिल्डरचा आहे, खिळासुद्धा मारू नका." माझंच वाक्य तेरा वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून शपथेसारखं परत आलं. मी म्हणालो, "छे, त्याला हात लावायचा नाही. बिल्डिंग बसेल."

सागरची आई त्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती. सडपातळ, ताठ बाई, चाळीस किलोसुद्धा नसतील. ओवीमुळे त्यांना सगळे आजी म्हणत, वैशाली तेवढी आत्या. हॉल मोकळा असून त्या तिथे का बसत नाहीत, मला कळेना. वैशालीनं हळू आवाजात सांगितलं, आत्यांना हॉलमध्ये बसवत नाही. दुपारी चारच्या सुमाराला खांबातून आवाज येतो म्हणतात. तीनदा. वैशाली त्या वेळी कामावर असायची, तिनं ऐकलं नव्हतं. तिच्या मते आत्यांना शहरात राहायचं नाही, आणि नाही म्हणायला हे निमित्त.

मी हसलो. सुतार लोक असल्या वेळी जे सांगतात ते सांगितलं: सोलापूरचं ऊन, लाकूड आकसतं, पाइप तापतात. आजींनी शेंगांवरची नजर काढली नाही. "खांबात लाकूड कुठनं आलं, मिस्त्री?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, पाइप. पाइप असेल. घरी जाताना लक्षात आलं की त्या भिंतीला पाइप नाही.

मग मी तो प्रसिद्ध पलंग केला. दिवसा भिंतीला उभा, रात्री हॉलमध्ये आडवा. मोठ्या शहरांतल्या फोटोंत फार सुरेख दिसतो. त्याला गॅसचे दट्टे असतात, उचलायला जोर लागू नये म्हणून. तीन आठवडे त्यात गेले. त्या काळात मी तिथे रोज जात होतो आणि रोज पावणेचारला काहीतरी आणायच्या निमित्तानं खाली उतरत होतो. एका दुपारी चहावाल्याशी बोलून वर आलो, तर ओवीनं खांबाच्या पायाशी बशीत अर्धं बिस्कीट ठेवलेलं. कुणासाठी, विचारलं. टकटक आजोबांसाठी, म्हणाली. ते आत उभे असतात. बसायला जागा नाही ना त्यांना.

मी तिला विचारणार होतो की आजोबा असं तुला कुणी सांगितलं. विचारलं नाही. तेरा वर्षांपूर्वी त्या खांबात मी काही ठेवलं नव्हतं, हे एकट्या मला पक्कं माहीत होतं, आणि तेच मला सुधरू देत नव्हतं. बाकीच्यांना तो भरीव होता. मला तो पोकळ होता.

पलंग बसवला तो शनिवार. आजींची पिशवी दारात भरून ठेवलेली. उद्या सकाळच्या एसटीनं त्या गावी जाणार होत्या, आणि वैशाली सोमवारी कामावर जाऊन राजीनामा देणार होती. पलंग आजींना पटला तरच दोन्ही टळणार होतं. सागर शिफ्टला. वैशालीनं अर्धी रजा काढलेली.

प्रात्यक्षिकाच्या नादात त्या दिवशी पावणेचारला खाली उतरायचं राहिलं, आणि मी स्वतः पाय भिंतीकडे करून पलंगावर आडवा झालो. आता दट्टे निवडताना मी सत्तर किलोचा माणूस धरला होता. मी पंचावन्न किलोचा. ओवीनं पायथ्याशी उडी मारून खटका सोडला आणि पलंग मला घेऊन भिंतीला उभा राहिला.

आत काळोख. नाक भिंतीला, पाठ गादीला, हात बाजूंना, डावा कान खांबाला चिकटलेला. बाहेर ओवी खिदळत होती, वैशाली खटक्याशी झटत होती. तो सगळा आवाज उजवीकडून, लांबून येत होता. डावीकडे शांत होतं. त्या शांततेत, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, कुणीतरी ठोकलं. लाकडी दांड्यानं ठोकतात तसं. एक. दोन. मधे ऐकण्यापुरता वेळ. तीन.

हातोडीच्या दांड्याचा आवाज मी ओळखतो. हा तर मी पंधरा वर्षं रोज ऐकला होता.

पलंग खाली आला तेव्हा वैशाली हसू आवरत होती. माझ्याकडे बघून तिचं हसू आपोआप गेलं. कुणी ठोकलं का, मी विचारलं. कुणीच ठोकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून आजी उठल्या आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हॉलमध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "म्या भ्याले ते न कळल्यानं. तुमी कळून भ्यालाय. ह्यो खांब तुमच्या वळखीचा हाय न्हवं?"

आता इथे माझ्याकडे नेहमीची सगळी उत्तरं तयार होती. ऊन, पाइप, बिल्डर. त्यातलं एक मी तोंडात धरलंही होतं. मग दारातल्या पिशवीकडे लक्ष गेलं. ती पिशवी गेली असती तर माझा खांब शाबूत राहिला असता.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "हा खांब नाही. मीच केलाय. आत काही नाही, नुसती जागा आहे."

वैशालीनं कटिंगच्या कामाची कापडी टेप पर्समधून काढली, खिडकीपासून खांबाच्या पलीकडच्या कडेपर्यंत धरली, आकडा वाचला. साडेसहा. टेप गुंडाळत म्हणाली, "म्हणजे काका, तीन आठवडे आत्यांची जागा तुमच्या खोटेपणानं अडवलेली, आणि तुम्ही मला भिंतीला चिकटणारा पलंग विकताय."

असा नेमका हिशेब माझा कधी कुणी केला नव्हता.

"उघडा," आजी म्हणाल्या. "आत्ताच."

पटाशी लावली. पुट्टी फुटली, शीट तुटली, मग प्लाय. शेवटची फळी, इरप्पानं बसवलेली, सहज निघाली नाही. त्याच्या हातचं काहीच सहज निघत नसे. ती सुटली तेव्हा आतून हवेचा थंड झोत आला. बाहेर उन्हाळा, हॉलमध्ये पंखा गरम हवा फिरवत होता, आणि ती हवा थंड होती. तिला ताज्या रंधा मारलेल्या, नुकत्या तासलेल्या लाकडाचा वास होता. तेरा वर्षांनी.

आत कुणी नव्हतं. जमिनीवर पेन्सिलीचा एक तुकडा पडलेला, दोन्ही टोकांनी चाकूनं तासलेला. इरप्पा तशाच तासायचा.

फळी मी उलटी केली. माझंच अक्षर, मोठं, माजोरडं: 'ए मिस्त्री, कशाला उघडलंस? आत काय मिळालं?' आयुष्यभर दुसऱ्यांसाठी टोमणे लिहीत आलो, पहिला वाचायची वेळ माझ्यावरच आली. त्याच्याखाली दुसरं अक्षर होतं. बारीक, एकेक अक्षर सुटं, मोठेपणी लिहायला शिकलेल्या माणसाचं. माझं लिहून झाल्यावर, फळी बसवण्याआधी लिहिलेलं.

'आत एक माणसाची जागा आहे.'

वैशालीनं ते मोठ्यानं वाचलं. कुणी लिहिलं, तिनं विचारलं. मी सांगितलं. तो कुठे असतो आता, तिनं विचारलं. तेही सांगितलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो गावी गेला, म्हणजे कायमचा. मला तेराव्यानंतर कळलं. त्याच्या घरच्यांना भेटायला जायला हवं होतं. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून गेलो नाही, आणि दुकानात सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं.

आजी त्या मोकळ्या जागेपाशी गेल्या, आणि आत हात घालून भिंतीला तळवा लावला. मग ओवीला म्हणाल्या, ती बशी उचल बाळा, आजोबांचं झालं.

रविवारची एसटी आजींविना गेली. पुढच्या आठवड्यात मी तिथे साडेसहा फुटी बैठक केली, जमिनीवरून उचललेली, खाली ओवीच्या खेळण्यांचे खण. पाठीला आजींच्याच जुन्या सोलापुरी चादरीचं कापड चढवलं, वैशालीनं कापून दिलेलं, किनार नेमकी मधोमध. समोर आरसा. त्यात खिडकी आणि खिडकीतला कडुनिंब. दिवसा बसायला, रात्री झोपायला, आणि फोटो काढून मैत्रिणींना पाठवायला. वैशालीनं पाठवले. माझ्या सगळ्या कामांत इतकी कमी लबाडी आणि इतकी देखणी खोली दुसरी नाही. पैसे घेतले नाहीत, तिनं द्यायचा आग्रहही केला नाही.

ती फळी बैठकीच्या तळाला लावली आहे, अक्षरं वरच्या बाजूला. त्याच पेन्सिलीच्या तुकड्यानं मी शेवटी एक ओळ लिहिली: 'बरोबर.' मग गादी घातली, आणि जे मी चौतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. हातोडीच्या दांड्यानं तीनदा ठोकलं आणि कान लावला. आवाज भरीव आला.

आजी दारात ऐकत होत्या. "आता दिलं बगा ताब्यात," म्हणाल्या, आणि पिशवीतली लुगडी काढून खणात ठेवायला लागल्या.

त्या दिवसापासून तिथे चार वाजता काही ऐकू येत नाही. वैशाली कामावर जाते. मी मात्र धंदा बंद केला आहे आणि दुपारी घरीच असतो. माझं घर भाड्याचं आहे. तिथे मी एक खिळासुद्धा मारलेला नाही. तरी चारच्या सुमाराला ठोके येतात. तीन, मग थोडा वेळ थांबून आणखी तीन, मग आणखी. तीनतीनचे किती गट होतात ते मी मोजले. जेवढ्या ठिकाणी मी या शहरात असं काही बंद करून ठेवलं आहे, तेवढेच होतात. ती यादी मी कधी कुणाला सांगितलेली नाही. कागदावरही नाही. पुढच्या आठवड्यापासून पटाशी घेऊन निघणार आहे. पहिलं घर शुक्रवार पेठेतलं. त्या बाई आता असतील की नाही माहीत नाही, पण छत तरी असेल.